सेलिया लॅव्हेलच्या वीस फेऱ्या

अट्रॅक्टा गिल्व्हरीला गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ही बाई जन्मली तीच मुळी स्टिअरिंग धरून. चौऱ्याहत्तर साली नवऱ्यानं तिला एकदा शिकवायला नेलं होतं. पहिल्याच वळणावर तिनं गाडी फादरांच्या कोबीच्या वाफ्यात घातली, खाली उतरली, दार नीट लावलं आणि चालत घरी आली. त्यानंतर नवरा वारेपर्यंत त्या विषयावर दोघांत चकार शब्द निघाला नाही. आणि याच बाईनं सोळा वर्षं आमच्या टोकाकडच्या गावांतल्या कॅन्सरच्या पेशंटांना गॉलवेच्या मोठ्या इस्पितळात पोचवलं आणि परत आणलं. सगळं दुसऱ्यांच्या गाड्यांतून, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून.

बेलमलेटहून गॉलवे म्हणजे जायला पावणेतीन तास आणि यायला पावणेतीन तास. मधे रेडिएशनच्या मशीनखाली दहा मिनिटं. असं आठवड्यातून पाच दिवस, आणि पाच-पाच, सात-सात आठवडे. ज्याला हे मशीन लागतं तो बहुतेक सत्तरीचा, त्याची पोरं बोस्टनला नाही तर डब्लिनला, आणि बस आहे ती अशी की तिच्यापेक्षा आजार बरा. म्हणून आम्ही. आम्ही म्हणजे सहा जण, सगळे पेन्शनीतले, सगळ्यांकडे बरी गाडी आणि रिकामा वेळ. मी डॉमिनिक पॅडन. चौतीस वर्षं पावाची गाडी चालवली, त्यामुळं इथलं प्रत्येक घर, प्रत्येक कुत्रं आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला पाठ आहे. दुसरी कन्सेप्टा कॅराबाइन, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिची गाडी ताशी पन्नासच्या वर जात नाही, पण तोंड नव्वदच्या खाली येत नाही. तिसरा एंडा गॉहन. हा जंगलखात्यात होता. दिवसाला चार शब्द बोलतो आणि त्यातले दोन हवामानाबद्दल असतात. बाकी तिघांचं इथं काम नाही. त्यांना राग आला तर येऊ दे.

अट्रॅक्टा एकतीस वर्षं पोस्टात होती. पोस्ट सुटलं, पण लोकांची माहिती ठेवायची सवय सुटली नाही. नव्या पेशंटचा फोन आला की ती भिंतीवरच्या मोठ्या कॅलेंडरसमोर खुर्ची ओढायची आणि ठरलेले प्रश्न विचारायची. चालता येतं का. उलटी होते का. खिडकी उघडी लागते की बंद. आणि सगळ्यात शेवटी, गप्पा आवडतात की शांतता. या शेवटच्या प्रश्नावर तिचं सगळं गणित होतं.

“गाडी काय, कुणीही देईल,” ती म्हणायची. “पाच-सहा तास कोण कुणाशेजारी बसू शकतं, ते बघावं लागतं.”

त्यामुळं बडबडे पेशंट एंडाकडं जायचे. ज्यांना आजार नुकताच कळलाय आणि जे रात्रंदिवस त्याचाच विचार करताहेत, ते कन्सेप्टाकडं, कारण तिच्या गाडीत विचार करायला फटच मिळत नाही. मला ती रागावलेले पुरुष द्यायची. “तूही चिडका आहेस, दोघं मिळून सरकारला शिव्या घाला, वेळ चांगला जाईल,” असं तिचं म्हणणं. आणि खरंच जायचा. एकदा तिनं मला मार्टी रडी नावाचा एक म्हातारा दिला. त्याचा आजार असा की मशीनखाली जाताना मूत्राशय भरलेलं असावं लागतं. म्हणजे गॉलवे अर्ध्या तासावर राहिलं की हेडफर्डला तीन ग्लास पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. आदल्या दिवशी अट्रॅक्टाचा फोन. “हेडफर्डपर्यंत काय हवं ते बोला. हेडफर्डच्या पुढं त्याला हसवायचं नाही. आणि ट्यूमच्या बाजूनं जाऊ नकोस, तो रस्ता खोदलाय.” मी त्याला हसवलं नाही. तो बिचारा स्वतःच्याच विनोदाला हसला, त्याला मी काय करणार. नवीन सीट कव्हरं आणली.

तिचे नियम कडक होते. आजाराबद्दल ड्रायव्हरनं आपणहून विचारायचं नाही. ‘सगळं ठीक होईल’ म्हणायचं नाही, कारण ते आपल्याला माहीत नसतं. एका गाडीत एकच पेशंट; आजारी माणसाला दुसऱ्या आजारी माणसाशी गोड बोलत बसायची शिक्षा कशाला. पण सगळ्यात मोठा नियम वेगळा होता. पेशंटला ‘गाडी पाठवू का?’ असं कधीही विचारायचं नाही.

कारण आमच्याकडं ‘हो’ म्हणणं बसत नाही. चहा विचारला तरी माणूस आधी नको म्हणतो, मग आत्ताच झाला म्हणतो, मग उभ्याउभ्या घेतो म्हणतो, आणि मग दोन तास बसतो. पाय मोडून पडलेल्याला विचारलं तर तो म्हणेल, मी मजेत आहे, तू तुझं काम कर. अट्रॅक्टाचा हिशेब असा होता की पहिलं नको म्हणजे रीत, दुसरं नको म्हणजे संकोच, आणि तिसरं नको म्हणजे गाडी किती वाजता येणार ते सांगा. म्हणून ती विचारायचीच नाही. “डॉमिनिक आठ वाजता फाटकाशी असेल,” एवढं म्हणून फोन ठेवून द्यायची. समोरच्याला नको म्हणायला जागाच नसायची.

माझ्या बायकोच्या वेळी असंच झालं. ऊनाला तेहतीस फेऱ्या होत्या आणि मी तेव्हा पावाच्या गाडीवर. सुट्टी मिळेना, आणि मी कुणाकडं मागायचा नाही. एका संध्याकाळी अट्रॅक्टानं फोन केला आणि तेहतीस दिवसांची सगळी नावं वाचून दाखवली. मी म्हटलं, अगं पण. ती म्हणाली, “पण काय? कागद आण, लिहून घे.” मी फक्त शेवटचा आठवडा ऊनाबरोबर गेलो. ती त्यानंतर दोन वर्षं जगली. माझी पेन्शन सुरू झाली त्या सोमवारी मी अट्रॅक्टाच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, माझं नाव घाल.

आता मुद्द्यावर येतो.

तिच्या या कामाच्या सोळाव्या वर्षी, जानेवारीत, अट्रॅक्टा दहा दिवस बहिणीकडं अ‍ॅथलोनला म्हणून गेली. आली ती जरा उतरलेली दिसली. बहिणीच्या हातचं जेवण, असं आम्ही म्हटलं. मार्च उजाडला. एका मंगळवारी एंडा त्याच्या पेशंटला घेऊन गॉलवेला गेला होता. संध्याकाळी तो सरळ कन्सेप्टाच्या घरी आला. मी तिथंच होतो. दारात उभं राहून त्यानं त्या दिवसाचे सगळे शब्द एकदम खर्च केले.

“अट्रॅक्टा. तिथं. पेशंट म्हणून.”

ठेवणीतला कोट घालून ती वेटिंग रूमच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. छातीचा कॅन्सर, जानेवारीत बहिणीकडं म्हणून गेली तेव्हाच ऑपरेशन झालेलं, आता पंचवीस दिवस मशीन. ती बसनं आली होती. पावणेसातची बस, कॅसलबारला बदलायची, तिथं तासभर थांबायचं, आणि हेच उलटं परत. एंडानं तिला गाडीत चल म्हटलं तर तिनं त्याच्या पेशंटकडं बोट दाखवलं. “एका गाडीत एक.” एंडा मागची सीट रिकामी घेऊन परत आला आणि त्याला ते सहन होत नव्हतं. त्याच्यासारखा माणूस कन्सेप्टाच्या टेबलाशी बसून डोळे पुसत होता.

दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता तिच्या फाटकाशी. ती कधीच गेलेली. गुरुवारी साडेसहाला बस स्टॉपवर गाठलं.

“गाडीत बस,” मी म्हटलं.

“का?”

“का म्हणजे? आजारी आहेस.”

“आजारी नाही मी. मला फक्त एका ठिकाणी जायचंय.”

“अगं, सोळा वर्षं तू…”

“सोळा वर्षं मी गाड्या कुणासाठी शोधल्या, डॉमिनिक? ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी. यादीत आत्ता दोघं थांबलेत. तुझ्याकडं जास्तीचा दिवस असेल तर त्यांना दे.”

“तूही कुणी नसलेलीच आहेस.”

हे बोलायला नको होतं. मूलबाळ नाही तिला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी शिळा पाव विकताना पकडला गेलो होतो. मग बस आली. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, “भांडण संपेपर्यंत थांबू का?” ती म्हणाली, “संपलंय,” आणि चढली.

त्याच संध्याकाळी मी, कन्सेप्टा आणि एंडा मिळून तिच्या त्या दोघांना जास्तीचे दिवस दिले, म्हणजे यादीत थांबलेलं कुणी उरलं नाही. तरीही तिचं नकोच. त्या रात्री फोनवर चारदा, पाचदा. तिचाच नियम वापरावा म्हणून मी विचारायचं सोडून नुसतं सांगून बघितलं, आठला येतोय. तर म्हणाली, ये, किल्ली कुंडीखाली आहे, कोंबड्यांना दाणे टाक.

शुक्रवारी ती बसमधून उतरली ती चर्चच्या भिंतीवर बसली. अर्धा तास तिला उठता येईना. कन्सेप्टानं पाहिलं, हात धरून घरी नेलं, सूप गरम करून दिलं. तेव्हा अट्रॅक्टा तिला म्हणाली, “पाच झाले. पुरे झाले. ऑपरेशननं जे निघायचं ते निघालंय. सोमवारपासून मी जाणार नाही.” डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की पंचवीस म्हणजे पंचवीस, मधे सोडलं तर आजार परत येऊ शकतो. हे तिला पुरतं ठाऊक होतं. असल्या किती जणांना तिनं स्वतः दटावलं होतं.

शनिवारी आम्ही तिघं कन्सेप्टाच्या स्वयंपाकघरात बसलो. युक्ती एंडाची, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. तो म्हणाला, “तिला पेशंट लागतो. देऊ.”

म्हणजे असं की आपण एक पेशंट उभा करायचा. नाव, गाव, आजार, सगळं. वीस दिवस, रोज साडेबाराची वेळ, जी अट्रॅक्टाचीच वेळ होती. अट्रॅक्टा त्याला गाड्या नेमून देईल. मग रोज सकाळी ड्रायव्हर अट्रॅक्टाच्या फाटकाशी जाणार आणि म्हणणार, पेशंट आज येत नाही, गाडी रिकामी चाललीय, तर तूच बस. एरवी तिला काही सांगा, पण भरलेलं पेट्रोल फुकट गेलेलं तिला बघवत नसे.

नाव ठरलं सेलिया लॅव्हेल. राहायला गॉर्टमोरला, शेवटचं घर. गॉर्टमोर इतकं आडबाजूला की तिथलं कुणाला काय माहीत असणार, असं आम्हाला वाटलं. आता बघा. मी त्या वाडीत पाव टाकत होतो. कन्सेप्टानं तिथली शेवटची मुलं शिकवली. एंडानं तिथल्या बंद पडलेल्या घरांभोवती झाडं लावली. ते शेवटचं घर सत्त्याऐंशीपासून रिकामं आहे आणि आत मेंढ्या राहतात हे आम्हा तिघांना माहीत. आणि पोस्टातल्या बाईला माहीत नसेल, असं आम्हीच ठरवलं. जिथं दोन अनोळखी माणसं भेटली तरी पाच मिनिटांत एकमेकांचे पणजोबा शोधून काढतात, तिथं आम्ही एक आख्खी बाई हवेतून काढायला निघालो होतो.

रविवारी दुपारी कन्सेप्टानं फोन लावला. ती झाली सेलियाची मँचेस्टरची सून. आवाज नाकातून काढला. मी आणि एंडा दोन्ही बाजूंनी रिसीव्हरला कान लावून.

“नाव?” अट्रॅक्टानं विचारलं.

“सेलिया लॅव्हेल.”

“कुठं राहतात?”

“गॉर्टमोर. शेवटचं घर.”



“गॉर्टमोरचे लॅव्हेल,” अट्रॅक्टा सावकाश म्हणाली. “म्हणजे यजमान कोण त्यांचे? जॅकचा मुलगा, की वरच्या अंगाच्या टोनीचा?”

कन्सेप्टानं आमच्याकडं पाहिलं. मी एक बोट दाखवलं, एंडानं दोन.

“पुतण्या,” कन्सेप्टा म्हणाली.

“कुणाचा?”

“दोघांचाही.”

“असं. आणि चालता येतं त्यांना?”

“येतं ना. नको तितकं चालते.”

“उलटी होते?”

“झाली तरी कुणाला कळू देणार नाही.”

“गप्पा आवडतात की शांतता?”

इथं कन्सेप्टाचं मँचेस्टर गळून पडलं. नाकातला आवाज कुठल्या कुठं गेला. “काय सांगू तुम्हाला,” ती म्हणाली. “हट्टी आहे. सगळ्यांची सोय बघते आणि स्वतःचं एक अक्षर सांगत नाही. कुणी हात पुढं केला की तिला राग येतो. पण तिला काही झालं तर आम्ही, म्हणजे तिच्या घरच्यांनी काय करायचं, ते कुणाला सुचत नाहीये हो.”

फोनमधून कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला.

“किती दिवस राहिलेत त्यांचे?”

“वीस.”

“लिहून घ्या,” अट्रॅक्टा म्हणाली. “सोमवारी डॉमिनिक पॅडन. मंगळवारी कन्सेप्टा कॅराबाइन. बुधवारी एंडा.” असे वीसही दिवस तिनं सांगितले आणि फोन ठेवला.

“कळलं नाही तिला,” कन्सेप्टा म्हणाली. चाळीस वर्षं शाळा चालवलेली ही बाई. आणि आम्हीही खुशीत मनुकांच्या पावाचे जाड जाड तुकडे कापले, लोणी लावलं आणि खाल्ले.

सोमवारी साडेआठला मी तिच्या फाटकाशी गेलो. वाटेत तोंडातल्या तोंडात वाक्य घोकत होतो. ती आधीच बाहेर उभी. ठेवणीतला कोट, हातात पिशवी, पिशवीत थर्मास.

“सेलिया आज येत नसेल ना?” तिनंच विचारलं.

मी घोकलेलं वाक्य विसरून नुसतं “नाही” म्हटलं.

“मला वाटलंच होतं,” ती दार उघडून पुढं बसली. “गाडी रिकामी चालवायची म्हणजे नुसती उधळपट्टी. चल. बँगरच्या पुढं धुकं आहे, सावकाश घे.”

कॅसलबार येईपर्यंत मी घाम पुसत होतो. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला की तिला पहिल्या शब्दापासून सगळं कळलेलं होतं. आणि तिनं ते चालवून घेतलं होतं. अट्रॅक्टा गिल्व्हरीला गाडी घेता येत नव्हती. सेलिया लॅव्हेलला येत होती.

तर मग सुरू झालं. रोज ड्रायव्हरनं सेलिया का येत नाही ते सांगायचं आणि अट्रॅक्टानं त्यावर तोंडसुख घ्यायचं. मी सांगितलं, तिची बहीण आलीय मुलिंगारहून. कन्सेप्टानं व्यायलेली गाय, गळका नळ आणि हरवलेला चष्मा अशी एक लांबलचक कथा सांगितली जी क्लेअरमॉरिसपर्यंत पुरली. एंडा फक्त “नाही आली” म्हणाला. अट्रॅक्टानं त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. “ही बाई इतके खाडे करते, हिला बरं वाटायचं कसं?” ती मला म्हणायची. “आळशी आहे. लॅव्हेल सगळे असेच.” मग खरे लॅव्हेल, जे बिचारे अकिल बेटावर सुखानं राहतात, त्यांच्या चार पिढ्यांचा उद्धार व्हायचा. माझी गाडी हसून हसून रस्त्याच्या कडेला जायची. एकदा ती म्हणाली की बरं झालं सेलिया येत नाही, नाही तर एका गाडीत दोन पेशंट झाले असते आणि तिचा नियम मोडला असता. आपण स्वतःला पेशंट म्हटलं हे तिच्या लक्षात आलं नाही. मीही दाखवून दिलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात सेलियाला भीती वाटायला लागली.

“सेलिया म्हणत होती फोनवर,” अट्रॅक्टा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “की ते लोक तिला टेबलावर नीट झोपवतात, हात वर करायला सांगतात, खूप गोड बोलतात. आणि मग सगळे पळत खोलीबाहेर जातात. जाडजूड दार लागतं. तेव्हा तिला वाटतं, एवढं वाईट आहे काय हे, की माणसं पळतात आणि मी एकटीच आत.”

“सेलियाला सांग, मी दाराबाहेर बसलेलो असतो,” मी म्हटलं.

“ते तिला माहीत आहे,” ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात कातडी भाजल्यासारखी झाली. सीट बेल्ट लागू नये म्हणून तिनं घडी केलेला टॉवेल छातीशी धरायला सुरुवात केली. गप्पा कमी झाल्या. लॅव्हेलांना शिव्या बंद झाल्या. गुरुवारी परत येताना, बँगरच्या अलीकडं, जिथं दोन्ही बाजूंना नुसती काळी दलदल आणि जळणासाठी कापून रचलेल्या दलदलीच्या मातीचे, म्हणजे टर्फचे, ढीग, तिथं ती म्हणाली, “डॉमिनिक, सेलिया उद्यापासून येणार नाही.”

“ती कधी येते?” मी गमतीनं म्हटलं.

“खरंच येणार नाही. थकली ती. चौदा झाले, त्याआधी पाच. एकोणीस खूप झाले म्हणते. त्र्याहत्तर वर्षं जगली, वाईट नाही जगली. आता उरलेले दिवस तिला कोंबड्यांत काढू दे.”

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागून मेंढ्यांचा ट्रक आला, त्यानं हॉर्न दिला, मी त्याला जा म्हटलं. मला राग आला होता की भीती वाटली होती ते मला सांगता येणार नाही.

“हे बघ,” मी म्हटलं, “सेलियाला माझा निरोप दे. तिला सांग, सगळं ठीक होईल असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. ऊना तेहतीस वेळा गेली आणि तरी ती गेलीच. पण मधे दोन वर्षं मिळाली आम्हाला. दोन उन्हाळे. आम्ही त्यात एकदा वेस्टपोर्टला जाऊन नाचून आलो, आणि मला नाचता येत नाही. ती दोन वर्षं कुठून आली? एका बाईनं फोन करून मला कागद आणायला सांगितला म्हणून आली. तेव्हा मी नको म्हणत होतो. त्या बाईनं ऐकलं नाही.”

मी हँडब्रेक ओढला.

“आणि सेलियाला हेही सांग, की ती गेली तर मला चालणार नाही. मला. तिच्या घरच्यांना नाही, यादीतल्या लोकांना नाही. मला सकाळी फोनवर शिव्या घालायला ती पाहिजे. एवढं सांग तिला.”

अट्रॅक्टानं टॉवेलची घडी उलगडली, पुन्हा घातली.

“मोठा निरोप आहे,” ती म्हणाली.

“लक्षात राहील ना?”

“बघते. गाडी चालू कर, तो मेंढ्यांचा ट्रक पुढं गेलाय, आता बेलमलेटपर्यंत त्याचा वास घ्यावा लागणार.”

शुक्रवारी कन्सेप्टाचा दिवस होता. नऊ वाजता मी माझ्या खिडकीत उभा होतो. कन्सेप्टाची गाडी समोरून पन्नासनं गेली आणि पुढच्या सीटवर ठेवणीतला कोट होता. मी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा दुसऱ्याच कारणासाठी घेतो.

शेवटचा दिवस माझ्याकडं आला. योगायोगानं नाही, तिनंच तसा लावला होता. त्या सकाळी मी एक बहाणा तयार ठेवला होता, सेलियाचा भाचा स्वीडनहून आलाय असा. तिनं विचारलंच नाही. गाडीत बसली, पट्टा लावला, टॉवेल धरला आणि हेडफर्डपर्यंत झोपली.

त्या वेटिंग रूममध्ये शीबा म्हणून एक नर्स असते, दहा वर्षांपूर्वी केरळहून आलेली, आता आमच्यापेक्षा जास्त गॉलवेची. ती रोज यादीवर खूण करताना पेशंटला विचारते, आज बरोबर कोण आलंय. अशक्त माणसानं एकट्यानं घरी जाऊ नये म्हणून. अट्रॅक्टानं पहिले पाच दिवस तिला ‘कुणी नाही’ म्हणून सांगितलं. नंतरचे एकोणीस दिवस ‘दुसऱ्या एका पेशंटसाठी गाडी येत होती, तिच्यातून आले’ असं. शीबानं एकदा विचारलं होतं, मग तो पेशंट कुठंय. तर म्हणे वाटेत उतरला.

त्या दिवशीही शीबानं मान वर न करता विचारलं, “आणि आज कोण आलंय बरोबर, मिसेस गिल्व्हरी?”

मी भिंतीवरचं चित्र बघत होतो, म्हणजे बघतोय असं दाखवत होतो.

“हा डॉमिनिक,” ती म्हणाली. “माझा ड्रायव्हर. मला घेऊन आलाय. मी पेशंट आहे ना, म्हणून.”

शीबानं लिहिलं. तिच्यासाठी ते एक नाव होतं. अट्रॅक्टा आत गेली आणि ते जाडजूड दार लागलं.

ऊनाच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याच खोलीत बसलो होतो आणि तेव्हा मी रडलो नव्हतो. मला वाटायचं पुरुषानं मासिक वाचायचं असतं. या वेळी मी सगळ्यांसमोर रडलो, समोर बसलेल्या एका अनोळखी म्हातारीनं मला पिशवीतून रुमाल काढून दिला, मी नको म्हटलं, तिनं पुन्हा दिला, आणि मी घेतला.

दहा मिनिटांनी दार उघडलं. अट्रॅक्टा कोटाची बटणं लावत बाहेर आली. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं, हातातल्या रुमालाकडं पाहिलं, त्या म्हातारीकडं बघून मान हलवली.

“नाक पूस,” ती म्हणाली. “मला घरी सोडायचंय तुला.”